दोरीचं दुसरं टोक

डहाणू, १२ नोव्हेंबर २०१८

पोहोचले एकदाची! सांगोल्याहून निघताना थोरल्या बहिणीने एवढ्या दशम्या बांधून दिल्या की अजून दोन दिवस चूल पेटवली नाही तरी चालेल. समुद्र मी एकेचाळीस वर्षांत दोनदा पाहिला होता. आता तो खिडकीतच आहे. खोली लहान आहे, पण भिंतींना नवा रंग आहे आणि माझी शिलाई मशीन नेमकी बसेल असा कोपरा आहे. मशीन माझ्याआधीच येऊन पोहोचली होती. पायडलला तेल घातलं, दोन शिलाया मारून बघितल्या, तेव्हा कुठे आपण आल्यासारखं वाटलं.

घरमालकीण हंसामावशी. बाजारात मासे विकते, अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालते आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवते. मुलगा जिग्नेश बोटीवर असतो, सून हिना, आणि नातू चार महिन्यांचा. त्याचं बारशाचं नाव काहीतरी भारी आहे, पण सगळे त्याला बाबूच म्हणतात. ओटीवर मावशीच्या नवऱ्याचा, चंदरचा, हार घातलेला फोटो आहे. मावशी म्हणाली, तीन वर्षांपूर्वी शांत झाला. आमच्या गावाकडे सरळ 'गेला' म्हणतात, 'शांत झाले' फक्त पेपरात छापतात, असं मी म्हटलं. तर ती हसली. म्हणाली, ताई, आमच्या घरात 'गेला' बोलले तर दर्यावर गेला, संध्याकाळी येल. जो येत नाय, तो शांत झाला.

ओटीवरच बाबूचं घोडियं आहे. लाकडी घोडीला टांगलेली कापडाची झोळी आणि ती हलवायला लांब दोरी. बाबू आजीच्या कडेवर होता म्हणून मी सहज बोट लावून बघितलं, तर मावशी धावत आली आणि तिने झोळी धरली. रिकामं घोडियं हलवायचं नाय, पोराला भोवतं. आमच्याकडेही रिकामा पाळणा हलवत नाहीत आणि रिकामी कात्री चालवत नाहीत. माणसं सगळीकडे सारखीच.

काल तलासरीकडे जमीन हलली म्हणे. मला तर हे गाव चांगलं भक्कम दिसतं आहे.

१५ नोव्हेंबर

बदली होऊन जिथे शिकवायला आले, त्या झरीच्या केंद्रावर शिवणवर्ग सुरू झाला. एसटीने तलासरी, तिथून जीप. बारा-पंधरा बायका आहेत. रूपी नावाची एक आहे, ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली की बाईंचे पाय मशीन नसलं तरी चालतात. सगळ्या फिदीफिदी हसल्या. हसू देत.

इथे लपवण्यासारखं काही नाही, म्हणून लिहून टाकते. पायांचं हे सुरू होऊन अकरा वर्षं झाली. दुखत नाही, मुंग्याही येत नाहीत. आत, हाडाजवळ, कुणीतरी दोरा हळूहळू ओढत असल्यासारखं वाटतं. पाय हलवला की थांबतं, पाय थांबला की सुरू. उजवा, उजवा, मग डावा, असा त्याचा तालही ठरलेला आहे. बसले की, टेकले की, डोळा लागायच्या आत. एसटीत मी उभी राहते, जागा असली तरी. एकदा स्थळ आलं होतं, ते पोहे खाऊन गेले आणि निरोप पाठवला की मुलगी बसल्याजागी पाय हलवते, घरात लक्ष्मी टिकायची नाही. व्हिटॅमिन झालं, लोहाच्या सलाईन झाल्या. मग एक पिटुकली गोळी मिळाली. तिने दोन वर्षं सुख दिलं आणि नंतर जे संध्याकाळी व्हायचं ते दुपारपासून व्हायला लागलं. झोप म्हणजे काय ते मी लोकांना झोपलेलं बघून आठवते. फक्त मशीनवर पायांची आणि माझी भांडणं मिटतात.

मावशीने मात्र माझ्या दुखण्याला कामाला लावलं! इकडच्या बायका बोंबील निवडताना घोडियाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधतात, म्हणजे हात मोकळे. आज तिने माझा पाय बघितला, माझ्याच अंगठ्याला दोरी बांधली आणि म्हणाली, ताई, तुमचा पाय तर मोटारच हाय, लाईटबिल पन नाय. बाबू गाढ झोपला. अकरा वर्षांत या पायांचं कौतुक पहिल्यांदाच झालं. मी बाबूला उरलेल्या कापडाचं निळं टोपरं शिवून दिलं.

१७ नोव्हेंबर

या बदलीला मी हो म्हटलं त्याचं खरं कारण आज भेटलं. आशागडला चिकूच्या वाडीतल्या एका बंगल्यात मुंबईचे डॉ. ओझरकर शनिवारी येतात. माझ्यासारख्यांवर नवा उपाय करून बघताहेत. गोळी नाही, सुई नाही. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला एक नस असते, तिच्यावर पट्टा बांधायचा, दोन्ही पायांना एकेक. पट्ट्यात साबणाच्या वडीएवढी डबी. रोज संध्याकाळी अर्धा तास ती हळूहळू वीज सोडते, आणि पाय चालत आहेत असं मेंदूला वाटतं. तो गप्प बसतो. परदेशात असे प्रयोग सुरू आहेत, अजून बाजारात काही आलेलं नाही, म्हणून जपून वापरा, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, असं त्यांनी बजावलं.

मी विचारलं, मग ती वळवळ जाते कुठे? ते म्हणाले, जात नाही, मेंदूपर्यंत पोहोचत नाही एवढंच. दर आठवड्याला त्यांच्याकडचा माणूस फोन करून एकच प्रश्न विचारणार आहे, पाय शांत झाले का.

हे मावशीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. शांत काय बोलता, पाय थांबले बोला! चंदरच्या फोटोकडे बघून तिने हात जोडले. मी पोट धरून हसले.

२४ नोव्हेंबर

झोपले! काल आडवी झाले आणि डोळे उघडले तर मांडवावर ऊन आलं होतं. मला रडूच आलं. बहिणीला फोन केला, तीही रडली.

आता संध्याकाळचा नेम ठरला आहे. पट्टे बांधून मी ओटीवर बसते, मावशी दोरी अंगठ्याला बांधते. पट्ट्याच्या झटक्याने पाऊल जरासं उचलतं, तेवढ्याने झोळी झुलते. बाबूही खूश, मीही खूश. फोनवर विचारलं, पाय शांत झाले का. मी मोठ्याने सांगितलं, झाले हो, झाले.

४ डिसेंबर

आज झरीला जमीन जोरात हलली म्हणे. म्हणे असं लिहिते, कारण मला कळलंच नाही. मी मशीनवर बसून रूपीच्या झबल्याला पट्टी लावत होते. डोकं वर केलं तर वर्ग रिकामा, बायका बाहेर ओरडताहेत, कौलं खाली पडून फुटलेली. रूपी परत आत आली आणि तिने मला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. सगळ्या म्हणाल्या, बाई लई धीराच्या. धीर कसला? जमीन पायांना लागलीच नाही. आणि आणखी एक. कौलं फुटलेली बघूनही मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं. आता जीपमध्ये मी बसते.

तिकडचे लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून झोपताहेत. मी आत झोपते आणि छान झोपते.

१४ डिसेंबर

अंगणातून चालत आले तर ओटीवर रक्ताची पावलं उमटली. मांडवाचा खिळा तळव्यात घुसला होता. मावशीने काढला, तिचेच डोळे भरून आले. मला काहीच नाही.

संध्याकाळी पट्ट्यांची वेळ संपली, डब्या बंद झाल्या. माझी पावलं दगडासारखी पडून होती, पण घोडियं झुलत होतं. धक्का बसला असेल असं वाटलं. पण टांगलेला कंदील स्थिर होता. दोरी ताठ होती आणि ओढ माझ्याकडून नव्हती. अंगठा तिकडे ओढला जात होता. वाकून झोळीत बघितलं. बाबू झोपेत लाथा मारत होता.

उजवा, उजवा, मग डावा.

२१ डिसेंबर

बाबू झोपत नाही. कडेवर घेऊन चाललं तर गप्प, थांबलं की किंकाळी. हिना त्याला घेऊन दिवसभर वाळूवर येरझारा घालते आहे. दूध प्यायला टेकली की तो पाय झाडतो आणि दूध सोडून देतो. दवाखान्यात गॅस सांगितला आणि थेंब दिले.

मला माहीत आहे हे काय आहे. जगात दुसरं कुणी एवढं ओळखणार नाही. मी त्याच्या पोटऱ्या चोळून दिल्या. चोळताना हातांना त्याची कातडी नीट लागली नाही, मोजा घातल्यासारखी.

२९ डिसेंबर

परवा मावशी दारात उभी राहिली. तिने दोष दिला नाही. एवढंच म्हणाली की तुमचा पाय थांबला आणि पोराचा सुटला, तो पट्टा चार दिस ठेवा ताई बाजूला. हात जोडले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. मी शब्द दिला.

त्या संध्याकाळी पट्टे बांधले नाहीत. दिवा लागायच्या वेळेला हाडाजवळचा तो दोरा पुन्हा ओढला जायला लागला. आणि पलीकडे बाबू गप्प झाला. हिना गाणं म्हणत होती. ते गाणं मी या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

दोन संध्याकाळी काढल्या. आज, तिसऱ्या संध्याकाळी, दार लावून घेतलं आणि पट्टे बांधले. बांधता बांधता पलीकडे किंकाळी आली. मी डबीचं बटण दाबून धरलं होतं, सोडलं नाही. लाज वाटली असं लिहायला घेतलं होतं. वाटली नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

४ जानेवारी २०१९

मावशीने विचारलं, पट्टा बांधला का. मी नाही म्हणाले. तिने विश्वास ठेवला. मला ताटलीत तळलेला बोंबील आणून दिला. चव लागली नाही.

आता दोरी ते बांधत नाहीत. तरीही बाबूला होतंच. वाट एकदा पडली की पडली.

९ जानेवारी

वर्गात बायका किंचाळल्या. मी शिलाई मारत होते आणि सुई माझ्या बोटातून जात होती. दोनदा गेली. बोट झबल्याला शिवलं गेलं होतं. रूपीने चाक उलटं फिरवून सोडवलं. मी तिला म्हटलं, कापडाला डाग पडला, थंड पाण्यात घाल.

फोन आला. पाय शांत झाले का. हो म्हणाले. बोटाचंही सांगितलं. तो म्हणाला, पट्टा आजपासून बंद करा आणि शनिवारी या.

बंद केला नाही. अर्ध्या तासाचे दोन तास झाले आहेत. कमी केला की दोरा ओढतो.

१६ जानेवारी

बाबूच्या मांड्या सुकल्या. टाचा झोळीच्या कापडाला घासून सोलल्या आहेत. जिग्नेशने बोटीवर जाणं सोडलं. हिना आता चालत नाही. भिंतीला टेकून बसते आणि त्याला पायांवर घेऊन हलवत राहते. माझ्याकडे बघते.

मला काही वाटत नाही. काही वाटत नाही, याची भीती वाटावी, अशी वाट बघते.

१८ जानेवारी

सकाळी बाबूला वलसाडच्या दवाखान्यात घेऊन गेले. सगळेच गेले. मावशी जाताना मला म्हणाली, ताई, बोंबलांवर लक्ष ठेवा, कावळे बसतात. एवढा विश्वास.

तिथे त्याला सुया टोचतील, सलाईन लावतील. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रेडा इथे ओटीवर बसला आहे.

१९ जानेवारी, सकाळ

पट्टे काढले. विहिरीत टाकले, म्हणजे परत बांधता येणार नाहीत. मन द्रवलं वगैरे काही नाही. हिशेब केला एवढंच. माझी अकरा वर्षं बाबूच्या बारक्या पायांत मावत नाहीत. त्या लाथा माझ्या आहेत, मला परत हव्यात.

दोरीवरूनच गेल्या, दोरीवरूनच येतील. घोडियाची दोरी स्वतःच अंगठ्याला बांधली. बोटांना गाठ कळत नाही, म्हणून दातांनी ओढून घट्ट केली. झोळी रिकामी नको, म्हणून त्याचं निळं टोपरं आत ठेवलं.

वही मांडीवर घेऊन बसले आहे.

दुपार

अजून काही नाही. पाय दगड. मांडवावर कावळे बसले आहेत. उठता येत नाही.

जिग्नेशचा फोन आला. आवाज बसला होता. म्हणाला, ताई, बाबू शांत झाला.

मी म्हटलं, बरं झालं.

फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. मग फोन बंद झाला.

बरं झालं. पट्टे काढल्याचा गुण आला. झोपला बिचारा एकदाचा.

थोड्या वेळाने

समोर चंदरचा फोटो आहे. हार वाळला आहे.

या घरात गेला म्हणत नाहीत. जो येत नाही तो —

मी बरं झालं म्हटलं. त्याला, त्याच्या बापाला. मी म्हटलं, बरं —

रडू येत नाही. छातीपर्यंत काहीच लागत नाही.

संध्याकाळ

घोडियं हललं. धक्का नाही. कंदील स्थिर आहे.

गाठ सुटत नाही. कात्री मशीनवर आहे. तिथपर्यंत जाता येत नाही.

पुन्हा हललं. आत टोपरं आहे फक्त.

अंगठ्याला लागलं — दोरी लागली! टोचते आहे. घोट्याला लागतं आहे. पोटरीला. किती दिवसांनी —

येते आहे. दोरीवरून येते आहे.

माझा ताल मला माहीत आहे. उजवा, उजवा, मग डावा. हा तो नाही. हा बारीक आहे. दोन्ही पाय एकदम. भूक लागली की मारायचा तसा. माझ्या पोटऱ्यांत, आतून, दोन बारकी पावलं —

रडू आलं. आता आलं. बाबू, बाबू रे.

गाडी थांबली दारात. हिना उतरली, हातात गुंडाळलेलं — मावशी फोटोकडे बघते आहे. त्यांना सांगायला हवं, त्याला माती देऊ नका, घाई करू नका, तो शांत नाही, तो थांबलेला नाही, मावशी, तो इथे माझ्या —